‘कुंकू’तील काकासाहेब

नटाची कला नटाबरोबरच जाते, हे आपल्या नाट्यसमीक्षेचे जुने दुःख आहे. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त गणपतराव जोशी कसे बोलत, कोठे थांबत, त्यांच्या मुद्रेवर संशयाची छाया कशी उतरे, हे पाहिलेली पिढी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली, आणि आपल्या हाती उरली ती काही वर्णने, काही आठवणी आणि पुष्कळशी विशेषणे. ‘अद्वितीय’, ‘अलौकिक’, ‘अंगावर रोमांच उभे करणारा’ या शब्दांवर भिस्त ठेवूनच आपण त्या अभिनयाची थोरवी मान्य करतो. त्यांत खोटे काही असेल असे नव्हे. पण पडताळा पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही. बोलपटाच्या बाबतीत ही सबब चालण्यासारखी नाही. तेथे नट गेला तरी त्याचा अभिनय राहतो. तो पुन्हा पाहता येतो, मध्येच थांबवून पाहता येतो, आणि पहिल्या भेटीत डोळ्यांत पाणी कशामुळे आले याची दुसऱ्या भेटीत शांतपणे चौकशी करता येते. असे असूनही आमच्या वाचनात येणारे चित्रपटविषयक मराठी लेखन कथेविषयी बोलते, दिग्दर्शकाविषयी बोलते, गाण्यांविषयी तर फारच बोलते, आणि अभिनयाची पाळी आली म्हणजे पुन्हा त्याच जुन्या विशेषणांचा आश्रय करते.

पतिपत्नींच्या संघर्षावर उभ्या असलेल्या चित्रपटाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. ऐतिहासिक चित्रपटाला घोडदळ आणि गडकोट तारून नेतात. पौराणिकाला चमत्कार आहेत. संतचरित्राला अभंग आहेत. नवराबायकोच्या भांडणाला यांपैकी कशाचाच आधार नसतो. एक घर, त्यात दोन माणसे, आणि त्यांच्यामध्ये जे बोलले जात नाही ते, एवढेच त्याचे भांडवल. ते न बोललेले नटाने दाखविले तर चित्रपट आहे, नाही तर सगळी घरगुती कुरबुर होऊन बसते. म्हणून थोर अभिनयाची शक्ती म्हणजे नेमके काय, हे पाहावयाचे असेल तर याच जातीचा एखादा चित्रपट हाती घ्यावा असे आम्हांस वाटते. आम्ही ‘कुंकू’ घेतो.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली, संगीत केशवराव भोळे यांचे, पदे शांताराम आठवले यांची. हिंदीत हाच चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला, आणि दोन्हीकडे मुख्य भूमिका शांता आपटे व केशवराव दाते यांच्याच होत्या. कथानक चार ओळींत सांगता येईल. नीरा ही अनाथ, शिकलेली, तेजस्वी मुलगी. ज्यांनी तिला वाढविले त्या आप्तांनीच पैशाच्या लोभाने तिला फसवून एका वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधले. काकासाहेब हे त्या वराचे नाव; व्यवसायाने वकील, गावात प्रतिष्ठित, घरात नीरेच्या वयाची मुले. नीरा त्या घरात येते, राहते, पण त्यांची पत्नी होण्याचे साफ नाकारते. पुढचा सारा चित्रपट म्हणजे या नकाराची कथा आहे.

जरठविवाह हा विषय मराठीला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले होते, आणि त्यातील भुजंगनाथ हे पात्र तेव्हापासून घरोघर नावाने ओळखीचे झाले होते. परंतु ‘शारदा’ आणि ‘कुंकू’ यांत एक मोठा भेद आहे, व तो आमच्या प्रतिपाद्याच्या मुळाशी आहे. ‘शारदे’त लग्न लागत नाही. सगोत्रतेचा मुद्दा निघतो, ऐन वेळी विघ्न येते, आणि म्हातारा बोहल्यावरून हात हलवीत परततो. देवलांनी प्रेक्षकाला दोन गोष्टींची मुभा दिली आहे : शारदेसाठी रडावयाची आणि भुजंगनाथाला हसावयाची. हसून झाले म्हणजे प्रेक्षक मोकळा होतो. भुजंगनाथ हा कोणी दुसरा आहे, तो आपल्यासारखा नाही, याची त्याला खात्री पटलेली असते. ‘कुंकू’ची सुरुवात ‘शारदा’ जेथे थांबते तेथून पुढे होते. येथे लग्न लागले आहे. विघ्न आले नाही. आता त्या दोघांनी एकाच छपराखाली दिवस काढावयाचे आहेत, आणि म्हाताऱ्याला हसून प्रेक्षकाची सुटका होणार नाही, कारण तो म्हातारा आता घरचा कर्ता पुरुष आहे, जेवावयास बसतो, कामावर जातो, रात्री परत येतो.

हा कर्ता पुरुष केशवराव दात्यांनी उभा केला. दाते हे मूळचे महाराष्ट्र नाटक मंडळीचे नट. तरुणपणी त्यांनी स्त्रीभूमिकाही केल्या होत्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाच्या रूपाने मराठी रंगभूमीवर वास्तववादी वळण आणले, त्या मंडळींतही ते होते. (हे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीचे वर्तकांनी केलेले रूपांतर. स्त्रीपुरुषांच्या नीतीला एकच माप का नसावे, हा त्याचा प्रश्न. ‘कुंकू’कडे जाणारी वाट तेथून जाते, हे आपल्याकडे पुरेसे लक्षात घेतले जात नाही.) पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अमृतमंथना’त त्यांनी राजगुरूची भूमिका केली. त्याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांच्या डोळ्यांनी सारा हिंदुस्थान भारून टाकला होता. तात्पर्य, प्रेक्षकाला दरारा कसा वाटावयास लावावा हे दात्यांना नव्याने शिकावयाचे नव्हते. ‘कुंकू’त त्यांनी त्या दराऱ्याचा उपयोग कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. दरारा आहे, पण तो घराच्या उंबरठ्याबाहेर. आत पाऊल टाकताच त्या माणसाचे काहीतरी उणे पडते.

त्या वेळी दात्यांचे वय अठ्ठेचाळीसच्या आसपास होते. (ते १८८९ सालचे, मूळ कादंबरीकार नारायण हरि आपटेही त्याच सालचे, आणि दोघांचे निधनही १९७१ सालीच झाले.) सामान्य नट अशा प्रसंगी वार्धक्याची भूमिका करतो, म्हणजे कंबर वाकवितो, आवाज थरथरवितो. दात्यांनी म्हातारपण केले नाही. म्हातारपण लपविण्याची धडपड केली. भूमिकेची सारी किल्ली येथे आहे. म्हातारा म्हणून वावरणाऱ्या माणसाकडे आपण एकदा पाहतो आणि विसरतो. तरुण म्हणून वावरू पाहणाऱ्या म्हाताऱ्यावरून आपली दृष्टी हलत नाही, कारण तो केव्हा उघडा पडेल याची आपण वाट पाहत असतो आणि तो पडू नये असेही आपल्याला वाटत असते. काकासाहेब आरशापुढे उभे राहून वयाशी हुज्जत घालतात, मिशा काळ्या करतात, तेव्हा हसू येते खरे. पण ते भुजंगनाथाला येणारे हसू नव्हे. ते ओठांवर येऊन थांबते. पुढे तोच आरसा फुटतो आणि त्याच्या तुकड्यातुकड्यांतून काकासाहेबांचाच चेहरा काकासाहेबांकडे पाहू लागतो. या योजनेचे श्रेय शांतारामांना आणि छायाचित्रकार अवधूत यांना द्यावे लागेल. परंतु अशी योजना हा दुधारी प्रकार असतो. नट कच्चा असेल तर ती केवळ युक्ती म्हणून डोळ्यांत भरते. येथे ती भरत नाही, कारण तो चेहरा तुकड्यांत दिसण्याच्या आधीच दात्यांनी आतून भंगलेला दाखविला आहे. आरसा जे सांगतो ते आपल्याला अगोदरच कळलेले असते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. प्रसंगाला जेवढे स्वाभाविक आवाज असतील तेवढेच ठेवावयाचे, असा शांतारामांचा निश्चय होता, आणि १९३७ साली तो फारच धाडसाचा होता. घरातल्या जुन्या घड्याळाची टिकटिक हा त्या घराचा जणू श्वासच आहे. आजचा प्रेक्षक व्हायोलिनने ‘आता रड’ म्हणून सांगितल्यावाचून रडत नाही, अशी आमची तक्रार आहे, ती असो. पण नटाच्या दृष्टीने या निश्चयाचा अर्थ काय होतो? दोन वाक्यांमधील मोकळी जागा भरून काढावयास कोणी येणार नाही. ती नटानेच सांभाळावयाची. नीरेशी बोलता बोलता काकासाहेब थांबतात, पुढचा शब्द सुचत नाही, आणि त्या पोकळीत घड्याळ चालत राहते. कोर्टात ज्याच्या जिभेवर पोट भरते तो वकील घरात एका मुलीपुढे निःशब्द होतो. दात्यांचा मोठेपणा त्यांच्या संवादांत आहे, त्याहून अधिक या विरामांत आहे.

शांता आपटे यांची नीरा ही दुसऱ्या घडणीची आहे. दात्यांचा अभिनय हळूहळू उतरत जाणारा, तर शांताबाईंचा पहिल्या क्षणापासून ताठ उभा असलेला. त्या काळच्या पडद्यावरील दुःखी नायिकेने डोळे खाली ठेवावयाचे, पदराने अश्रू टिपावयाचे आणि गाणे म्हणावयाचे असा दंडक होता. शांताबाई गाणे म्हणतात. पण डोळे खाली ठेवीत नाहीत. एका प्रसंगी तर त्या लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. ही गोष्ट कित्येकांना उपरी वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. नीरा शिकलेली आहे, आणि ज्या घराने तिला फसवून आणले त्या घराच्या भाषेबाहेरची एक भाषा तिला येते, हे तेथे एका क्षणात कळते. काकासाहेबांचा पुत्र तिच्याशी लगट करू पाहतो तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते. त्या प्रसंगात शांताबाईंच्या हालचालीत जी झडप आहे ती अभ्यासाने आलेली वाटत नाही, स्वभावातून आलेली वाटते. आणि याच बाईंनी दोनच वर्षांनी, १९३९ साली, करारावरून वाद झाल्यावर प्रभातच्या फाटकाशी ठिय्या देऊन उपोषण केले होते, आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमांत?’ असे रोखठोक नावाचे पुस्तक लिहिले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे आश्चर्य वाटणार नाही. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या कन्येची भूमिका शकुंतला परांजपे यांच्याकडे होती. संततिनियमनाच्या कार्यात आयुष्य घालविलेल्या आणि पुढे राज्यसभेवर नियुक्त झालेल्या या विदुषी नट म्हणून मोठ्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. त्या पडद्यावर जे बोलतात ते त्यांना खरोखरच म्हणावयाचे असते, एवढे मात्र कोणालाही जाणवते.

आता एका आक्षेपाकडे वळतो. तो आम्ही पुस्तकांतून घेतलेला नाही.

आमचे गाव सिल्वासा. दमणगंगेच्या काठचे हे गाव १९५४ सालच्या २ ऑगस्टपर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. ‘कुंकू’ पुण्यामुंबईत गाजत होता तेव्हा येथे दुसरेच राज्य होते. (मुक्तिसंग्रामात ज्यांनी भाग घेतला ते संगीतकार सुधीर फडके प्रभातच्या ‘गोकुळ’मधूनच, १९४६ साली, चित्रपटाकडे वळले होते, तेवढाच आमच्या गावाचा प्रभातशी दूरचा संबंध.) येथे मराठी बोलणारे थोडे, गुजराती बोलणारे बरेच, कारखान्यांमुळे देशभरातून आलेले त्याहून अधिक, आणि मूळचे रहिवासी वारली, कोकणा, धोडिया. गेल्या वर्षी आम्ही शाळेच्या सभागृहात शिक्षक आणि पालक यांच्यासाठी ‘कुंकू’ दाखविला आणि नंतर थोडी चर्चा ठेविली. आमच्या एका तरुण सहकारी शिक्षिकेने आक्षेप घेतला तो असा : दात्यांचा अभिनय फार चांगला आहे, आणि हेच या चित्रपटाचे वैगुण्य आहे. ज्याने पैसे देऊन मुलगी घेतली त्या माणसाची आम्हांला कीव येऊ लागते. कीव आली की राग ओसरतो. मग नीरेवर झालेल्या अन्यायाचे काय? वाईट नट असता तर चित्रपट अधिक न्यायाचा झाला असता.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. विशेषतः आमच्यासारख्याने तर मुळीच लावू नये. दहावीच्या वर्गातली एखादी मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर परत येत नाही, आणि चौकशी केली असता कोणाकडूनच सरळ उत्तर मिळत नाही, असे प्रसंग आमच्या व्यवसायात अजून येतात. मुलीला घेऊन जाणारा पुरुष राक्षस असतो असे मात्र आमच्या पाहण्यात नाही. तो कोणाचा तरी आदरणीय काका असतो, नोकरीत असतो, शाळेला देणगीही देतो. आणि आमचे उत्तर नेमके येथेच आहे. काकासाहेब जर दुष्ट असते तर सभागृहातील प्रत्येक सज्जन पुरुष निर्धास्तपणे घरी गेला असता. भुजंगनाथाला पाहून तो तसाच गेला होता. दात्यांनी काकासाहेबांना सभ्य केले, शिकलेले केले, नीरेला मारहाण न करणारे केले, आणि मग आपल्याला दाखविले की एवढे सारे असूनही या माणसाने जे केले आहे ते जसेच्या तसे उरते. त्याच्या चांगुलपणाने नीरेच्या आयुष्यातला एक दिवसही परत येत नाही. कीव येते हे खरे. पण ती कीव म्हणजे क्षमा नव्हे. ती आपल्याला त्या माणसाच्या इतके जवळ नेते की त्याच्याकडे बोट दाखविताना ते कोणाकडे वळेल याची शाश्वती राहत नाही. सुमार नट प्रेक्षकाला न्यायाधीश करून सोडतो. दाते त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात.

त्याच चर्चेत एका वारली पालकबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला, आणि तो आम्हांला अधिक विचार करावयास लावणारा वाटला. एवढे नको होते तर ती पोरगी निघून का गेली नाही, असे त्यांचे म्हणणे. वारल्यांत मुलीसाठी ‘देज’ घेतात. ते चारचौघांत ठरते, त्यात लपविण्यासारखे काही मानीत नाहीत. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. न पटल्यास बाई दुसरे घर करू शकते, विधवाही करू शकते. या दृष्टीने पाहिले तर ‘कुंकू’तील पांढरपेशे घरच चमत्कारिक दिसते : तेथेही पैसा दिला-घेतला गेला आहे, पण तो चोरून, आणि घेतल्यावर त्या मुलीच्या परतीची वाट कायमची बंद. नीरा जाणार कोठे? ज्यांच्याकडे जावयाचे त्यांनीच तर तिला विकले. हे आम्ही त्या बाईंना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या की ते कळले, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच कळले. त्यालाही जायला जागा नव्हती. मराठी संवाद त्यांना निम्मेच समजले असतील. काकासाहेबांचे कोंडलेपण मात्र त्यांनी अचूक वाचले होते. अभिनयाच्या शक्तीचा याहून मोठा दाखला आमच्यापाशी नाही.

‘जायला जागा नव्हती’ हे शब्द शेवटाला तर फारच लागू पडतात. ‘कुंकू’चा शेवट कित्येक टीकाकारांना भाबडा वाटला आहे. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, नीरेकडे ते पित्याच्या दृष्टीने पाहू लागतात, आणि तिने योग्य पुरुषाशी पुन्हा विवाह करावा असे बजावून ते आत्महत्या करतात. हृदयपरिवर्तन आणि मरण, हा सोयीस्कर तोडगा आहे, असे म्हटले जाते. आम्हांस वाटते की असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात : काकासाहेब वकील आहेत. १९३७ साली नीरेसारख्या हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. बडोदे संस्थानाने तो १९३१ साली केला होता. मुंबई इलाख्यात तो १९४७ साली आला, आणि सर्व देशासाठी १९५५ साली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरविले होते. पण वधूवरांच्या वयांतील अंतराविषयी तो काही बोलत नव्हता, आणि आजचा कायदाही बोलत नाही. उलट, नांदावयास न येणाऱ्या पत्नीला कोर्टामार्फत घरी आणण्याचा हक्क पतीला होता. रखमाबाईंच्या खटल्यात १८८७ साली न्यायालयाने, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले होते, हे त्या काळच्या कोणत्याही वकिलाला ठाऊक असणार. (तुरुंग पत्करीन पण जाणार नाही म्हणणाऱ्या या रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या आणि आमच्यापासून फार दूर नसलेल्या सुरतेस त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली.) म्हणजे जबरदस्तीचा कायदा काकासाहेबांच्या हातात होता, आणि सुटकेचा कायदा अस्तित्वात नव्हता. नीरेला पुन्हा लग्न करावयाचे तर १८५६ च्या कायद्याने एकच दार उघडे होते, ते विधवेचे. ते दार काकासाहेबांच्या मरणानेच उघडणार होते.

ही उपपत्ती चित्रपटात कोणी बोलून दाखवीत नाही. ती आमची आहे. पण अखेरच्या भागातील दात्यांचा अभिनय पाहताना ती आम्हांला सुचली, आणि सुचल्यावर तो अभिनय अधिकच उलगडला. तेथे भावविवशता नाही. एक प्रकारचा व्यवहारीपणा आहे; एखादे किचकट काम हातावेगळे करण्याचा मार्ग सापडलेल्या माणसाचा असतो तसा. आयुष्यभर इतरांचे दावे चालविणारा हा गृहस्थ आता स्वतःचा दावा स्वतःच्या विरुद्ध निकाली काढतो आहे असे वाटते. तारुण्याचे सारे सोंग उतरलेले असते, आणि प्रथमच तो माणूस आपल्या वयाचा दिसतो. तोच त्या भूमिकेचा सर्वांत देखणा क्षण आहे.

तथापि येथे आमच्या सहकारी शिक्षिकेच्या आक्षेपाचा एक अंश शिल्लक राहतो, आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेवटच्या भागात चित्रपट नीरेच्या हातून निसटतो. जिने नकार दिला, तो एकटीने निभावला, जिच्या ताठ मानेने काकासाहेबांना आरशापुढे उभे केले, तिची सुटका शेवटी त्यांच्याच दातृत्वाने होते. कथेने तिला करण्यासारखे काही ठेवलेले नाही. शांताबाई तेथे काय करतात हे मुद्दाम पाहावे. त्या कृतज्ञ होत नाहीत. दुःख दिसते, धक्का दिसतो, पण उपकाराखाली वाकलेली मान दिसत नाही. लेखकाने जी जागा तिच्याकडून काढून घेतली ती नटीने आपल्या नुसत्या उभे राहण्याने परत मिळविण्याचा प्रयत्न केला आहे. तो पुरता साधला असे आम्ही म्हणत नाही. दाते समोर असताना ते सोपेही नव्हते.

‘कुंकू’नंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९८२ साली, जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांची पटकथा, आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील. येथेही पती वकीलच आहे. पण सुभाष तरुण आहे, सुसंस्कृत आहे, आणि कायद्यात आता घटस्फोटाची तरतूद आहे. सुलभा महिलाश्रमाची अधीक्षिका होऊन घराबाहेर पडते, तेथे हरून परतते, तेव्हा आपल्या आयुष्यात दुसरी स्त्री आली असल्याचे सुभाष तिला सांगतो, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. नीरेला जे दार कोणाच्या तरी मरणाने उघडून मिळाले ते सुलभा स्वतःच्या हाताने उघडते, हा काळाचा फरक झाला. स्मिता पाटील यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्या काहीच करीत नाहीत असे वाटत असतानाच त्यांच्या चेहऱ्यावरून सारे घडून जाते. गिरीश कर्नाड यांचा सुभाषही बेताचा, अचूक आहे. फक्त त्याला स्वतःकडे पाहण्याची पाळी येत नाही. तो आपली कबुली समजूतदारपणे देतो, जणू पंचाइतीचा एखादा मुद्दा निकालात काढावा तशी, आणि तेथेच त्याचे काम संपते. भूमिका तेवढीच लिहिलेली आहे, दोष कर्नाडांचा नाही. परिणाम मात्र असा होतो की ‘उंबरठ्या’तील संसाराचे ओझे स्मिता पाटील यांना एकटीने उचलावे लागते, आणि चित्रपट पाहून उठताना आमच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा राहतो. ‘कुंकू’ पाहून उठताना दोन राहतात, आणि त्यांतला दुसरा घेऊन घरी जाणे पुरुष प्रेक्षकाला जड जाते. आमच्या सभागृहातील मागच्या रांगेतले काही पालक चर्चेस न थांबता निघून गेले, ते सगळेच कंटाळून गेले असतील असे आम्हांस वाटत नाही.